बदकांची हजेरी

माझी मुलगी परवा विचारत होती, लॉकडाऊनमध्ये तू दिवसभर करायचास तरी काय. तिच्या शाळेत त्या काळावर कसलासा प्रोजेक्ट आहे. मी म्हटलं, आम्ही बदकं ओळखायचो. "सीरियसली, डॅड," असं म्हणून ती लॅपटॉप घेऊन तिच्या आईकडे गेली. मी सीरियसच होतो. मी आणि आबाजी, म्हणजे माझ्या पप्पांचे वडील, रोज दुपारच्या चहानंतर पडद्यासमोर बसून उडती बदकं ओळखत असू. न्यू साउथ वेल्समध्ये राहणाऱ्या मुलाला नदीपलीकडे व्हिक्टोरियात बदकांची शिकार करायची, तर तिथला ज्युनिअर परवाना लागायचा, आणि त्या परवान्यासाठी बदकं ओळखण्याची परीक्षा द्यावी लागायची. माझा तो परवाना यायला हिवाळा गेला, वसंत गेला, उन्हाळाही सरला. आता माझ्या कानांवरचे केस पांढरे झाले आहेत. आबाजींच्या वयाला पोचायला अजून अवकाश आहे, पण त्यांच्यासारखा मफलर मी आताच गुंडाळायला लागलो आहे, आणि त्या मफलरात नाक खुपसलं की ते वर्ष आठवतं.

त्याच्या थोडं आधी आम्ही सिडनीतलं टूनगॅबी सोडून नदीकाठच्या या गावात राहायला आलो होतो. टूनगॅबीत आमच्या इमारतीच्या जिन्यात कायम कुणाच्या तरी फोडणीचा वास असायचा. खालच्या मजल्यावरचे काका "जय भीम, सुमेध" म्हणत माझी शाळेची बॅग मागून ओढायचे, आणि एप्रिलमध्ये जयंतीला कम्युनिटी हॉलमध्ये एवढी माणसं जमायची की लहानपणी मला तो ऑस्ट्रेलियाचाच सण वाटायचा. नदीकाठी यातलं काही नव्हतं. पप्पांना तिथल्या कागदाच्या गिरणीत इंजिनिअरची नोकरी मिळाली होती. आई नर्स होती आणि तिचं हॉस्पिटल पुलापलीकडे, म्हणजे दुसऱ्या राज्यात होतं. आबाजी भंडाऱ्याहून नातवाला भेटायला म्हणून आले, आणि त्यांची बॅग पुरती उघडायच्या आत विमानं बंद झाली. मग राज्यांची सीमाही बंद झाली. पुलावर पोलीस उभे राहिले, आईच्या गाडीच्या काचेवर परमिटचा कागद चिकटला, आणि तोवर जी आमची पोहायची जागा होती ती नदी एका आठवड्यात सरहद्द होऊन बसली.

आबाजी भंडाऱ्याकडच्या एका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते. सकाळी अंघोळ करून ते त्रिसरण-पंचशील म्हणायला बसायचे, तेव्हा मागच्या अंगणातल्या गमच्या, म्हणजे निलगिरीच्या जातीच्या, झाडावर कॉकटू पक्षी चादरी फाडल्यासारखे ओरडत असायचे. दोघांपैकी कुणी माघार घ्यायचं नाही. वंदना संपली की ते इस्त्रीचा शर्ट घालून, खिशाला पेन लावून डायनिंग टेबलाशी बसायचे. जायचं कुठेच नसायचं. आई शिफ्टवरून आली की मागच्या दारातच कपडे बदलून, केस धुऊन मग स्वयंपाकघरात शिरायची, आणि तिच्या केसांच्या शांपूचा वास आणि गोळाभाताचा वास माझ्या डोक्यात आजही एकत्रच येतात. रविवारी ती सावजी मटण करायची. त्या मसाल्यानं सगळ्या घराला ठसका लागायचा आणि पप्पा म्हणायचे, खोकू नका, शेजारी टेस्टिंगवाल्यांना फोन करतील.

मला मात्र तेव्हाही सगळ्या गोष्टींचा दोष आपलाच वाटायचा. आबाजी अडकले ते मला भेटायला आले म्हणून. आई दमते ती माझी शाळा घरून आहे म्हणून. आई म्हणायची, या पोराला दुसऱ्याच्या हातून फुटलेल्या कपाचंही वाईट वाटतं. हे अजून गेलेलं नाही. परवा पार्किंगमध्ये मी एका खांबाला सॉरी म्हटलं आणि माझी मुलगी खूप वेळ हसत होती.

त्या गावात माझा एकच मित्र होता, डार्सी. पहिल्या दिवशी शाळेच्या बसमध्ये त्यानं माझ्या डब्यातली सांभारवडी उचलली, चावली, आणि डोळ्यांत पाणी आलं तरी "गुड, मेट" म्हणाला. तेवढ्यावर आमची मैत्री झाली. तो पलीकडच्या राज्यात त्याच्या बापाच्या शेतावर राहायचा आणि आमच्या काठावर शाळेला यायचा. त्याचा बाप ग्लेन दर वर्षी शरद ऋतूत, मोसम उघडायच्या पहिल्या सकाळी, बदकांच्या शिकारीला दलदलीत जायचा, आणि डार्सीला त्याचा ज्युनिअर परवाना मिळालेला होता. "नेक्स्ट सीझन तू पण चल," असं डार्सी मला म्हणाला होता. त्या गावात आल्यापासून मला मिळालेलं ते एकमेव आमंत्रण. ग्लेनची अट एकच होती: पहिल्या सकाळी ज्याच्याकडे परवाना नाही त्यानं घरी झोपावं. माझ्याकडे नसला तर डार्सी त्याच्या चुलतभावाला नेणार होता, आणि तो चुलतभाऊ डार्सीच्या शेजारी राहायला येणार असल्याचंही माझ्या कानावर आलं होतं. तेराव्या वर्षी माणसाला एवढं पुरतं. बदक मारायची मला फार हौस होती असं नाही. डार्सीच्या शेजारची जागा मला हवी होती.

सीमा बंद झाल्यावर आम्ही नदीवर भेटायचो. आमच्या काठाला एक आडवा पडलेला रेडगमचा ओंडका होता, त्यावर मी उभा राहायचो. समोरच्या काठावर डार्सी त्याच्या कुत्र्याला घेऊन यायचा. मध्ये मरे नदी, तपकिरी आणि निवांत. आम्ही दोघं ओरडून बोलायचो, त्यामुळे खासगी असं काही बोलता यायचं नाही. तो रोज एकच विचारायचा, "गॉट इट येट?" आणि मी हात हलवून नाही म्हणायचो. फिरायला म्हणून आबाजी माझ्याबरोबर यायचे. एकदा माझ्या आधी त्यांनीच तोंडापुढे हात धरून पलीकडे उत्तर ठोकलं, "अंडर प्रोसेस". डार्सीला ते इतकं आवडलं की पुढे शाळेत त्याला गृहपाठाचं विचारलं तरी तो तेच सांगायचा.

पण अर्जाशी आबाजींचा संबंध कसा आला ते सांगायला हवं, कारण सुरुवातीला ते या सगळ्याच्या विरोधात होते. आईसुद्धा होती. आपण बौद्ध माणसं, पहिलंच शील जीव न घेण्याचं, आणि पोराच्या हातात बंदूक कशाला, असं ती भांडी लावता लावता पप्पांना ऐकवायची. पप्पा म्हणायचे, त्याला इथे मित्र व्हायला हवेत. मी मोठ्या हुशारीनं मध्ये पडलो आणि म्हटलं, आबाजी, तुम्ही रविवारी मटण खाता ना? आबाजींनी चष्मा पुसला. "खातो," ते म्हणाले. "पण अर्ज करून मारत नाही."

विषय तिथेच संपला असता. पण मी पप्पांकडून कशीबशी सही घेऊन अर्ज पाठवला होता, आणि त्याच आठवड्यात पलीकडच्या कार्यालयाचं ईमेल आलं. सुरुवात होती "हाय सुमेध". मजकूर असा, की तू या राज्याचा रहिवासी नाहीस, त्यामुळे आधी तुझ्या राज्याचं अल्पवयीनांचं बंदूक-परमिट जोड, मग आपण पुढे पाहू, चिअर्स. अलीकडच्या कार्यालयानं कळवलं, की परमिटसाठी सेफ्टी कोर्स कर, आणि सगळ्यात जवळची नेमबाजीची रेंज अमुक ठिकाणी आहे. ती रेंज पुलापलीकडे होती. पूल ओलांडायला परमिट लागत होतं, ते कामासाठी नाहीतर उपचारासाठी मिळायचं, आणि बंदूक शिकणं दोन्हींत बसत नव्हतं. शिवाय आमच्या पत्त्याचा पुरावा अजून टूनगॅबीचाच होता. मी टेबलाशी बसून रडलो नाही, पण ओठ चावत बसलो असणार, कारण आबाजींनी लॅपटॉप आपल्याकडे वळवला आणि मला ते ईमेल मराठीतून सांगायला लावलं. मी सांगितलं. तू या राज्याचा नाहीस, या वाक्याशी त्यांनी मला थांबवलं आणि ते पुन्हा सांग म्हणाले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी आईला जे सांगितलं ते मी दाराशी उभा राहून ऐकलं. "प्रज्ञा, माझ्या बापाला गावच्या तळ्यावर जायची बंदी होती," ते म्हणाले. "तळ्यावर गेल्यावर पाणी प्यायचं की नुसतं पाहून यायचं, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पोरगा काय करते ते त्याच्या शीलाचं काम आहे. पण दारातूनच परत पाठवून राहिले, ते मला चालत नाही."  आईनं त्यांच्यापुढे चहा ठेवला आणि टेबलावरची मिठाची बाटली, लोणच्याची बरणी उचलून नेली, म्हणजे कागद पसरायला जागा झाली.

दुसऱ्या दिवसापासून आमचं डायनिंग टेबल कचेरी झालं. आबाजी मराठीत मसुदा सांगायचे आणि मी तो इंग्रजीत टाईप करायचो. "उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की," असं सुरू झालं की मला त्याचं काय करावं कळायचं नाही, कारण समोरून "हाय सुमेध" आलेलं असायचं. आबाजींना त्या "हाय"चा फार राग यायचा. नकार द्यायचा तर दे, पण मैत्रीत कशाला देतोस, असं त्यांचं म्हणणं. अर्जातली एकही जागा ते मोकळी सोडू द्यायचे नाहीत. जिथे काही लिहायचं नसेल तिथे "निरंक". मी "निल" असं टाईप करायचो. शस्त्रक्रिया, निल. पूर्वीचे गुन्हे, निल. स्वतःचं जहाज किंवा होडी, निल. मग पहिलं स्मरणपत्र, दुसरं स्मरणपत्र, आणि तिसऱ्याच्या वेळी त्यांनी खुर्चीत सरळ बसून, आता जरा कडक लिहू, असं म्हटल्याचं मला आठवतं. त्या कडक पत्रातही शेवटी "आपला विश्वासू" होतंच. माझं मराठी त्या टेबलावर तयार झालं. म्हणून आजही माझी बायको म्हणते, तुझ्या प्रेमपत्रातसुद्धा विषय आणि संदर्भ असायचा.

पालकांच्या संमतीवर साक्षीदाराची सही आणि शिक्का हवा होता. इथे तसला शिक्का गावातल्याच एखाद्या साध्या माणसाकडे असतो, त्याला जेपी म्हणतात. आमच्या गल्लीतली जेपी हेलन नावाची बाई होती. तिचं केस कापायचं दुकान लॉकडाऊननं बंद होतं आणि ती दिवसभर बागेत माती खणत असायची. आबाजी कोट घालून गेले. त्यांना वाटलं होतं बाकावर बसावं लागेल, शिपाई चिठ्ठी आत नेईल. हेलननं मातीचे हातमोजे काढले, कुंपणावरून कागद घेतले, पत्र्याच्या टपाल-पेटीवर ठेवून शिक्का मारला आणि म्हणाली, नो वरीज. त्याच दिवशी आबाजींचा हयातीचा दाखलाही करायचा होता, कारण पेन्शनवाल्यांना आपण जिवंत असल्याचं दर वर्षी कळवावं लागतं. तोही तिनं लगेच केला. एका शिक्क्यानं आबाजी जिवंत ठरले आणि त्याच शिक्क्यानं मला बदकं मारायची संमती मिळाली.  परत येताना ते म्हणाले, इतक्या लवकर काम झालं की माणसाला काही केल्यासारखंच वाटत नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आईकडून सांभारवडी करून घेतली आणि कुंपणावर ठेवून आले. हेलन पुढे रस्त्यात दिसली की हात जोडून "जे बीम" म्हणायची.

आता बदकांकडे येतो. परीक्षेत पडद्यावर बदक उडत जातं, अगदी थोडा वेळ, आणि तेवढ्यात ते कोणतं, आणि त्याला मारायची परवानगी आहे की नाही, हे सांगायचं असतं. सरावाचे व्हिडिओ होते. मला सगळी बदकं सारखीच दिसायची. इंग्रजी नावं आबाजींच्या तोंडी बसेनात आणि माझ्या डोक्यात राहीनात. एका दुपारी मानेला पांढरा पट्टा असलेलं, छाती पुढे काढलेलं मोठं माउंटन डक पाण्यावर उतरलं आणि आबाजी म्हणाले, "हे आमचे तहसीलदार साहेब." झालं. तिथून आमची परीक्षा सोपी झाली. अंगावर आडवे पट्टे आणि पुढे चपटी रुंद चोच असलेलं पिंक-इअर्ड डक म्हणजे टायपिस्ट कुंभलकरबाई, कारण त्या कायम तसल्याच साड्या नेसायच्या आणि बोलताना ओठ पुढे काढायच्या. ठिपक्याठिपक्यांचं फ्रेकल्ड डक दुर्मीळ, त्याला मारायला पूर्ण बंदी. तो शिपाई बळीराम. "त्याला हात लावायचा नाही," आबाजींनी बजावलं, "युनियनचा माणूस आहे." पाण्यापेक्षा काठावरच्या गवतात मान हलवत हिंडणारं वूड डक हे स्वतः आबाजी. आमच्या घरासमोरच्या रिकाम्या ओव्हलवर, म्हणजे खेळाच्या मैदानावर, ती वूड डक संध्याकाळी खरीच हिंडायची, आणि आबाजीही तिथेच हात मागे बांधून हिंडायचे, त्यामुळे त्यात वाद नव्हता.

आणि ग्रे टील. लहानसं, करड्या रंगाचं, नजरेत न भरणारं बदक. डोळा मात्र लालभडक. ते थव्यात सगळ्यांच्या मागून येतं. आबाजींनी त्याला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मांडीवर हात मारून हसले, आणि मी त्यांना त्या वर्षात तसं हसताना क्वचितच पाहिलं. "लांजेवार," ते म्हणाले. लांजेवार बाबू त्यांच्या शेजारच्या टेबलावर होते आणि त्यांचे सगळ्यात जुने मित्र. सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा चघळायचे, डोळे लाल. रोज उशिरा यायचे. सायकल भिंतीला टेकवायचे, साहेबांच्या दारावरून वाकून जायचे आणि बसल्यावर पहिलं वाक्य म्हणायचे, "काय म्हणते जनता?" पण आबाजी आवर्जून सांगायचे, की लांजेवारनं सगळ्या नोकरीत एक रजा घेतली नाही. पोरीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा सकाळी येऊन सही करून गेला. उशिरा यायचा, पण यायचा. मग रोज सराव संपला की आबाजी हजेरी घ्यायचे. तहसीलदार साहेब? हजर. कुंभलकरबाई? हजर. बळीराम? हजर. लांजेवार? मी म्हणायचो, उशिरा, पण हजर. आबाजी मान डोलावायचे आणि लॅपटॉप मिटायचा.

यथावकाश सीमा उघडली. टूनगॅबीच्या पत्त्याचा घोळ मिटला, कोर्स झाला, परमिट आलं, परीक्षाही झाली. पलीकडच्या हॉलमध्ये मास्क लावलेल्या मुलांत मी एकटाच ओठ हलवत होतो, बाकीची मुलं बदकांची नावं आठवत होती आणि मी माणसांची. एकही चुकलं नाही. परवाना ईमेलनं आला. त्यावर ना शिक्का, ना सही. आबाजींची एवढी निराशा झाली की पप्पांनी तो गिरणीतल्या चांगल्या जाड कागदावर छापून आणला. मग ते जरा खूश झाले आणि त्यांनी तो दोनदा वाचला, मोठ्यानं, माझ्या नावासकट. नदीवर जायची आता गरज नव्हती, तरी मी ओंडक्यावर जाऊन उभा राहिलो आणि डार्सी आल्यावर दोन्ही हात वर केले. पलीकडे तो आणि कुत्रा दोघंही उड्या मारत होते.

मोसम उघडायच्या थोडं आधी भारतात दुसरी लाट आली. आबाजींच्या फोनवर सकाळी मेसेज यायला लागले आणि ते फोन उलटा ठेवायला लागले. एका सकाळी वंदनेचा आवाज आला नाही. ते मागच्या पायरीवर मफलर घालून बसले होते. आईनं शेजारी चहा ठेवला, तो तसाच थंड झाला. लांजेवार गेले होते. दवाखान्यात खाट मिळाली होती, ती उशिरा मिळाली, एवढं पप्पांनी मला हळू आवाजात सांगितलं. मला नेहमीप्रमाणे वाटलं, आबाजी तिथे असते तर काही करू शकले असते, आणि ते इथे आहेत ते माझ्यामुळे. त्या दुपारी चहानंतर त्यांनी मला हाक मारली आणि व्हिडिओ लाव म्हणाले. आबाजी, परीक्षा झाली, मी म्हटलं. "लाव," ते म्हणाले. मी लावला. साहेब गेले, कुंभलकरबाई गेल्या. मग करडा थवा आला आणि माझी जीभ हलेना. आबाजींनी पडद्यावरची नजर काढली नाही. "लांजेवार," ते म्हणाले, "हजर."

मी जात नाही, असं मी त्याच दिवशी सांगून पाहिलं. त्यांनी ऐकलं नाही. परवानगी मागून ती मिळाल्यावर घरी बसणं त्यांच्या लेखी उद्धटपणा होता.

पहिल्या सकाळी पप्पांनी मला ग्लेनच्या फाटकाशी सोडलं. दलदलीतल्या पाण्यात मेलेल्या रेडगमची करडी खोडं उभी होती आणि आम्ही कमरेपर्यंतचे रबरी बूट घालून लव्हाळ्यात दडलो होतो. एका बाजूला ग्लेन, मध्ये मी, दुसऱ्या बाजूला डार्सी, ज्याच्या शेजारच्या जागेसाठी हे सगळं चाललं होतं. त्यानं मला अर्धं सॉसेज सँडविच दिलं. थंडीनं बोटं बधिर झाली होती, पाण्यावर वाफ होती, बेडूक ओरडत होते, आणि मी खरंच फार सुखात होतो. हे लिहायला हवं, कारण पुढचं लिहिताना मी ते विसरतो. मग उजाडलं. आधी माउंटन डकची जोडी आली, लांबून, रुबाबात, आणि माझ्या मनानं आपोआप म्हटलं, साहेब. ग्लेननं एक गोळी झाडली, ती चुकली. मग पट्टेवाल्या कुंभलकरबाई आल्या आणि आवाजानं वळून गेल्या. डार्सी हसून काहीतरी पुटपुटला. आणि सगळ्यांच्या मागून, नेहमीसारखा, तो लहान करडा थवा झाडांच्या वरून खाली आला.

ग्लेन माझ्या कानाशी हळूच म्हणाला, "युअर्स, मेट. व्हॉट इज इट?" शिकारीचा नियमच तो आहे, ओळखल्याशिवाय चाप ओढायचा नाही. मी ओळखलं. मनातल्या मनात नाव घेतलं, आबाजींनी शिकवलं तसं, पूर्ण, आडनावानं. तोंडानं "ग्रे टील" म्हटलं. आणि चाप ओढला. पुढे किती जणांनी मला समजावलं, की पोरगा होतास, घाईत कळलं नसेल. मला कळलं होतं. कळावं म्हणूनच तर आम्ही वर्षभर बसलो होतो.

डार्सीनं माझ्या पाठीवर थाप मारली, कुत्र्यानं बदक आणून माझ्या पायाशी ठेवलं. हातात घेतलं तेव्हा ते अजून ऊबदार होतं, आणि डोळा लाल होता. ग्लेननं ते एस्कीत, म्हणजे बर्फाच्या पेटीत, ठेवून माझ्याकडे दिलं आणि आईला सांग भाजताना ओलं राहू दे म्हणाला. पप्पा गाडी घेऊन न्यायला आले. पूल ओलांडताना मी पेटी मांडीवर धरली होती.

आबाजी मागच्या अंगणात खुर्ची उन्हात ओढून बसले होते. इस्त्रीचा शर्ट, मफलर, खिशाला पेन. मी पेटी गवतावर ठेवून त्यांच्यासमोर पायरीवर बसलो. त्यांनी पेटीकडे पाहिलं, मग माझ्या बुटांना लागलेल्या चिखलाकडे. डार्सीनं नीट सांभाळलं ना, असं विचारलं. मी हो म्हटलं. काही खाल्लं का? अर्धं सँडविच. मग त्यांनी खुर्चीत सरळ बसून विचारलं, "कोण कोण आलं होतं?"

मी सांगायला लागलो. साहेब आले होते, जोडीनं. आबाजींनी मान डोलावली. कुंभलकरबाई आल्या, आवाजाला घाबरून परत गेल्या. "त्या तशाच," आबाजी म्हणाले. बळीराम आला नाही, पण तो येत नसतोच. तुम्ही होता, पलीकडच्या काठावर, गवतात, उडालासुद्धा नाहीत. ते थोडं हसले. मग मी थांबलो. झाडावर कॉकटू ओरडत होते आणि आत आई कांदा चिरत होती, तो आवाज खिडकीतून येत होता.

"लांजेवार?" आबाजींनी विचारलं.

मी पेटीकडे पाहत राहिलो. मला हजर म्हणता येईना आणि दुसरा शब्द सुचेना. आबाजींनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, पुन्हा लावलं आणि पेन जागच्या जागी ठेवलं. मग पुढे वाकून त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"रजा लिही त्याची," ते म्हणाले. "सगळी शिल्लक आहे."